सनोलचं रान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट, मिलपिटस, प्लेझंटनकडची आपली मंडळी मिशन पीकवर हमखास चढतात. त्याच डोंगराच्या पाठीमागे, पूर्वेच्या अंगाला सनोलचं रान आहे, आणि तिथे मात्र आपली माणसं फारशी दिसत नाहीत. गेली बारा-तेरा वर्षं मी तिथे सगळ्या ऋतूंत जाते, ओळखीच्यांना घेऊन जाते. फोनवर, गाडीत, चढणीवर धापा टाकताना जे प्रश्न हटकून येतात, ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. उन्हाळ्यात करपल्यासारखे दिसणारे हे डोंगर चांगले जिवंत असतात, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून ही सगळी खटपट.

हे नेमकं आहे कुठे?

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला, अलमेडा काउंटीत. ६८० महामार्ग सोडून कॅलाव्हेरस रोडने दक्षिणेकडे जायचं आणि डावीकडे गियरी रोडला वळायचं. हा रस्ता रानातच संपतो. पाट्यांवर आता 'सनोल विल्डरनेस रीजनल प्रिझर्व' असं नाव दिसेल.

'रीजनल' म्हणजे नॅशनल पार्कपेक्षा खालच्या दर्जाचं का?

दर्जाचा प्रश्न नाही, मालकी कुणाची एवढाच फरक. योसेमिटीसारखी उद्यानं देशाच्या सरकारची, स्टेट पार्क राज्याची. सनोल आहे ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्टचं, म्हणजे अलमेडा आणि कॉन्ट्रा कोस्टा या दोन काउंट्यांतल्या लोकांचं. १९३४ साली, महामंदीने लोकांचं कंबरडं मोडलेलं असताना, इथल्या मतदारांनी स्वतःवर कर लादून घेऊन ही संस्था उभी केली. पोटाची चिंता असलेल्या माणसांनी डोंगर राखायला पैसे द्यायचं मतदान केलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. गेटमधून आत शिरताना दर वेळी आठवते.

'विल्डरनेस' हा शब्द मात्र अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्यातल्या विल्डरनेसशी जोडू नका. इथे त्याचा अर्थ एवढाच की बांधकाम शक्य तितकं कमी आणि आतला प्रवास पायी.

जायला कुठला महिना चांगला?

आपल्या डोळ्यांना पावसाळ्यात डोंगर हिरवे व्हायची सवय. इथे चक्र उलटं फिरतं. पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान पडतो, मे ते ऑक्टोबर जवळजवळ कोरडे जातात. मुंबईत एकट्या जुलैत जेवढा पाऊस पडतो, तेवढा इथे अख्ख्या वर्षात पडत नाही. सह्याद्री श्रावणात जसा दिसतो, तसे हे डोंगर फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये केशरी पॉपी आणि निळसर जांभळे लुपिन उतारांवर पसरतात. पहिल्यांदाच जात असाल, तर हीच वेळ साधा.

तरी माझं मत विचाराल तर दुसरी खेप सप्टेंबरच्या शेवटी करावी. गर्दी नसते, सकाळचं ऊन सोसवतं आणि रानाची हाडंकाडं दिसतात. भर उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी लवकर निघा आणि दहा-साडेदहाच्या आत सावलीला या. उघड्या उतारांवर झाड शोधावं लागतं.

उन्हाळ्यात सगळं गवत मेलेलंच असतं ना? मग बघायचं काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो.

गवत वाळलेलं असतं हे खरं, पण ते गवत मूळचं इथलं नाहीच. १७६९ नंतर स्पॅनिश लोक गुरंढोरं घेऊन कॅलिफोर्नियात वस्तीला आले. मिशन सॅन होजे, म्हणजे त्यांचं ख्रिस्ती धर्मप्रसाराचं केंद्र, जे आज फ्रीमाँटमध्ये आहे, ते १७९७ चं. गुरांबरोबर, चाऱ्यात आणि लोकरीत अडकून भूमध्य समुद्राकाठच्या गवतांचं बी आलं. रानटी ओट, ब्रोम अशी ही एका वर्षात जगून मरणारी गवतं. पावसाबरोबर उगवतात, मे महिन्यात बी टाकतात, संपतात. ज्या सोनेरी टेकड्यांचे फोटो आपण कौतुकाने घरी पाठवतो, तो रंग या पाहुण्या गवतांचा.

मूळचं गवत वेगळं. पर्पल नीडलग्रास हे २००४ पासून कॅलिफोर्नियाचं राज्यगवत आहे. ते बहुवर्षायू, खोल मुळांचं, ठोंब करून राहणारं. उन्हाळ्यात वरून सुकल्यासारखं दिसतं, पण पहिली सर पडली की जुन्याच ठोंबातून फुटतं. चालताना कुठे वाळलेल्या पसाऱ्यात वेगळा उठून दिसणारा झुबका दिसला तर खाली बसून बुडखा बघा. बुडाशी हिरवट रंग असला तर समजा की रोप जिवंत आहे.

झाडांचंही तसंच. बकाय नावाचं झाड जुलै-ऑगस्टमध्येच पानं टाकून उघडं होतं. नवख्याला वाटतं रोग पडला. पाणी वाचवायची ती त्याची रीत आहे. आपल्याकडे पळस-सावर उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झाडतात, तेच इथे. त्याची चकचकीत तपकिरी फळं मुलांना फार आवडतात, पण ती विषारी असतात. तोंडात जाऊ देऊ नका.

आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना झेपेल का?

झेपेल, वाट नीट निवडली तर. कॅम्प ओलोनी रोड ही रुंद कच्ची वाट अलमेडा क्रीकच्या काठाने लिटल योसेमिटीकडे जाते. जाऊन-येऊन सुमारे तीन मैल, चढ हलका. ओढ्याकाठी सिकॅमोरची मोठी, पांढरट सालीची झाडं आहेत. मध्ये बसत-उठत गेलं की दोन-अडीच तास लागतात. फ्लॅग हिल, सेरो एस्ते किंवा मॅग्वायर पीक्सच्या चढावर गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेऊ नका. चढताना काही वाटत नाही, उतरताना गुडघे बोलतात.

लिटल योसेमिटी म्हणजे छोटं योसेमिटी का? पाण्यात उतरता येतं?

नावावर जाऊन मोठा धबधबा मनात धरलात तर निराशा होईल. ही अरुंद घळ आहे. हत्तीएवढे दगड पडलेत, त्यांच्यामधून ओढा उड्या मारत जातो. पावसाळ्यानंतर आवाज दुरून ऐकू येतो, ऑगस्टात डबकी उरतात. पाण्यात उतरू नका, असंच मी सगळ्यांना सांगते. दगड शेवाळाने निसरडे असतात, डोहाचा अंदाज येत नाही आणि मदत लवकर पोचत नाही. काठाच्या खडकावर बसून डबा खा, तेवढ्याने मन भरतं.

पॉयझन ओक काय भानगड आहे? खरंच एवढं घाबरायचं?

अंगाला लागलं की फोड आणणारं हे झुडूप. घाबरू नका, ओळखायला शिका. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण ही चूक आमच्या घरात झाली आहे.

बाबा आले होते, सप्टेंबर होता. इंडियन जो क्रीकच्या वाटेवर एका झुडपाची पानं लालभडक झाली होती, बाकी रान पिवळं. बाबांनी नातीला वहीत ठेवायला म्हणून दोन डहाळ्या तोडल्या. मी पुढे होते, मला दिसलंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत रेघेत फोड. माझे हातपाय गळाले. बाबांनी चष्मा लावून हात उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "अगं, हा तर बिब्बा उतलाय."

बाबांचं लहानपण भोरकडच्या खेड्यात गेलं. बिब्बा उतल्यावर कसं दिसतं ते त्यांनी पाहिलं होतं. मी शोधायला बसले आणि थक्क झाले. पॉयझन ओक, आपला बिब्बा, काजू आणि आंबा हे सगळे एकाच कुळातले. पॉयझन ओकच्या चिकात युरुशिऑल नावाचं तेलकट द्रव्य असतं. बिब्ब्याच्या तेलात त्याच जातीची द्रव्यं असतात, आणि आंब्याच्या चिकात, सालीत त्यांची जवळची भावंडं. म्हणूनच कुणाकुणाला आंब्याचा चीक लागला की ओठ उततात. अशा माणसांनी इथे जास्तच जपावं.

ओळखायचं कसं? पळसाला पानं तीनच, तशी यालाही तीनच. मधल्या पर्णिकेचा देठ जरा लांब, बाजूच्या दोन जवळजवळ देठाशिवाय. वसंतात पानं तकतकीत हिरवी, उन्हाळा सरता सरता लाल, हिवाळ्यात नुसत्या काड्या. त्या उघड्या काड्यांमध्येही चीक असतो. हे लोकांना माहीत नसतं आणि जानेवारीत ते बिनधास्त झुडपातून घुसतात.

लागलं असं वाटलं तर लगेच साबण आणि थंड पाण्याने खसाखसा धुवा. कपडे, बूट, काठीसुद्धा धुवा, कारण तेल तिथे टिकून राहतं. पुरळ बारा तासांनी ते दोन-तीन दिवसांनी उठतं, म्हणून कुठे लागलं ते आठवत नाही. चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ उठलं किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट डॉक्टर. आणि रानातली कुठलीच डहाळी तोडू नका. तसा नियमही आहे. त्या दिवशी तो आम्ही मोडला, हे मान्य करते.

साप?

आहेत. त्यांतला विषारी म्हणजे रॅटलस्नेक. आपल्या घोणशीसारखा जाड अंगाचा, तिकोनी डोक्याचा, भडकला की इशारा देणारा. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, हा शेपटीची खुळखुळी वाजवतो. प्रत्येक वेळी वाजवेलच असं मात्र नाही.

वाटेच्या मधून चाला. दगडावर बसण्याआधी, आडव्या ओंडक्यापलीकडे पाय टाकण्याआधी नजर टाका. कानांत हेडफोन घालू नका. साप दिसला तर थांबा, मागे सरा, त्याला जाऊ द्या. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, माणसाला शांत ठेवा, ९११ ला कळवा आणि हॉस्पिटल गाठा.

इथल्या जमिनीत बिळं करणाऱ्या खारी मात्र या सापापुढे उभ्या ठाकतात. मोठ्या झालेल्या खारीला त्याचं विष बऱ्यापैकी पचतं. त्या सापाची टाकलेली कात चावून स्वतःच्या आणि पिल्लांच्या अंगाला चाटतात, म्हणजे अंगाला सापाचाच वास येतो. साप समोर आला की शेपटी ताठ करून हलवतात, आणि त्या वेळी शेपटी चक्क गरम होते. रॅटलस्नेकला उष्णता 'दिसते', त्यामुळे त्याला ती शेपटी मोठी भासते. गियरी रोडच्या टोकाला गाडी लावल्यावर ज्या खारी पायाशी घुटमळतात, त्या याच. त्यांना शेंगदाणे टाकू नका.

वाटेवर गाई उभ्या असतात. पुढे कसं जायचं?

शांतपणे, बोलत बोलत, थोडं अंतर राखून. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जायचं नाही. गाईने मान वर करून रोखून बघितलं तर वाट सोडून वळसा घ्या. फाटक उघडलं तर मागे लावा.

'अभयारण्यात गुरं कशाला?' असं बरेच जण नाराजीने म्हणतात. मीही म्हणायचे. पण ही पाहुणी गवतं कुणी खाल्ली नाहीत तर कंबरेएवढी वाढून वाळतात आणि ठिणगीची वाट बघतात. शिवाय त्यांच्या गर्दीत रानफुलांची रोपं गुदमरतात. गुरांसाठी बांधलेल्या तळ्यांत आज टायगर सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) आणि लाल पायांचा बेडूक अंडी घालतात. दोघांनाही कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्यांची मूळची कितीतरी डबकी शहरांखाली गेली. चराई प्रमाणाबाहेर गेली तर नुकसानच होतं, ओढ्याचे काठ तुडवले जातात, हेही मी पाहिलंय. कुठे किती गुरं आणि किती महिने, यावर सगळं अवलंबून आहे.

डोंगरी सिंहाची भीती आहे का?

डोंगरी सिंह म्हणजे माउंटन लायन, मांजरकुळातला मोठा प्राणी. तो या रांगांत राहतो, पण दिसणं फार दुर्मीळ. मला इतक्या वर्षांत एकदाही दिसला नाही. दिसला तर पळू नका, पाठ फिरवू नका. मुलांना उचलून घ्या, हात वर करून मोठे दिसा, ओरडा आणि हळूहळू मागे सरा. संधिप्रकाशात एकट्याने फिरणं टाळा.

मुलांना काय दाखवावं?

सुतार पक्ष्याची बळद. एकॉर्न वुडपेकर हा सुतार ओकच्या (पॉयझन ओक नव्हे, खऱ्या ओक वृक्षाच्या) वठलेल्या खोडाला हजारो भोकं पाडतो आणि प्रत्येकात एकेक ओकफळ ठोकून बसवतो. अख्खं कुटुंब मिळून ते कोठार राखतं, पिल्लंही मिळून वाढवतं. जवळ जाऊन बघा: फळ भोकात इतकं घट्ट बसलेलं असतं की नखाने निघत नाही. वाळलं की फळ आक्रसतं आणि सैल होतं, मग सुतार ते काढून लहान भोकात हलवतो. फडताळातली बरणी बदलावी तसं. माझी मुलगी सहा वर्षांची असताना एका झाडाखाली पाऊण तास बसली होती.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, दिवस मावळताना वाटेवर तळहाताएवढा केसाळ कोळी हळूहळू चालताना दिसेल. तो टॅरँट्युला नर. मोठं व्हायला त्याला सहा-सात वर्षं लागतात, मग तो बिळातून निघून मादीच्या शोधात चालत राहतो, आणि तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा मोसम असतो. मादी बिळात वीस-वीस वर्षं जगते. त्याला हात लावू नका, वाट द्या.

आकाशात बघायचं तर सोनेरी गरुड. इथून जवळच्या अल्टमाँट भागात तर त्यांची घरटी जगात क्वचितच कुठे असतील इतकी दाट आहेत, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे त्या खारी. पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून डुलत जाणारं ते टर्की गिधाड, पंख जवळजवळ सपाट ठेवून स्थिर तरंगणारा तो गरुड.

पूर्वी इथे कोण राहायचं?

ओलोनी लोक. आणि 'पूर्वी' म्हणताना सांभाळून, कारण ते आजही आहेत. सनोलजवळ सापडलेल्या एका जुन्या वस्तीतल्या लोकांचा डीएनए अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २,००० वर्षांपूर्वीची ती माणसं आणि आजचे मुवेकमा ओलोनी यांचं नातं त्यात दिसून आलं. ओकफळं हे त्यांचं मुख्य अन्न. फळं कडू-तुरट असतात, म्हणून कुटून पीठ करायचं आणि पुन्हा पुन्हा पाणी ओतून तुरटपणा काढून टाकायचा. गवताळ रानाला ते ठरवून, थोडी थोडी आग लावायचे. जुना पालापाचोळा जळायचा, नवी फूट यायची, बी गोळा करणं सोपं व्हायचं. मिशनच्या काळात त्यांचं हे जगणं मोडलं, आणि ती राखलेली आगही बंद पडली.

आगीच्या दिवसांत जावं का?

जोराचा कोरडा वारा आणि आगीचा इशारा असेल त्या दिवशी नको. अशा वेळी उद्यान बंदही ठेवतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावर बघा. ऑगस्ट २०२० मध्ये पावसाशिवाय विजा कोसळल्या आणि पूर्वेच्या डोंगरांत एससीयू लाइटनिंग कॉम्प्लेक्स नावाची आग पेटली. ३,९६,००० एकरांहून जास्त प्रदेश तिने जाळला, सनोलला लागूनच असलेल्या ओलोनी विल्डरनेस या रानापर्यंत ती आली. सिगारेट, स्टोव्ह, वाळक्या गवतावर लावलेली गाडी, यांतलं काहीही पुरतं.

सोबत काय घ्यायचं?

पाणी, आणि वाटतं त्याच्या दुप्पट. तिथे मिळेल या भरवशावर राहू नका. दरीत शिरलं की मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि कुठल्या वाटेने जाताय ते घरी सांगा. टोपी, फुल पँट, लांब मोजे. घरी आल्यावर गोचीड अंगावर आहे का ते बघा, विशेषतः मुलांच्या केसांत आणि कानांमागे.

कुत्रा नेला तर चालतो का?

दिवसा चालतो. पण मेनंतर कुसळांपासून सांभाळा. फॉक्सटेल गवताचं कुसळ नाकात, कानात, बोटांच्या बेचक्यात शिरलं की आतच सरकत जातं आणि शेवटी डॉक्टरकडून काढावं लागतं. पॉयझन ओकचं तेल त्याच्या केसांवरून तुमच्या हातावर येतं, तेही ध्यानात असू द्या.

ड्रोन उडवता येतो?

नाही.

ओलोनी ट्रेल पूर्ण करायचाय. किती अवघड?

मिशन पीकपासून सनोलमधून डेल व्हॅलेपर्यंत २८ मैल. परवाना लागतो, मुक्कामाच्या जागाही आधी राखून ठेवाव्या लागतात. वाटेत ३,८१७ फुटांचं रोझ पीक आहे, माउंट डायब्लोपेक्षा फक्त ३२ फुटांनी कमी. पण दमछाक त्या एका चढाने होत नाही. चढून मिळवलेली उंची उतरून घालवायची आणि पुन्हा मिळवायची, असं दिवसभर चालतं. तीन दिवस धरा, एप्रिलमध्ये जा. पाण्याच्या जागा परवान्याच्या नकाशावर असतात, पण निघायच्या आदल्या दिवशी फोन करून कुठलं पाणी चालू आहे ते विचारून घ्या. मिळालेलं पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यायचं. पहिल्या मुक्कामाला सनोलच्या रानात वर पोचलात की अंधार पडेपर्यंत तंबूत शिरू नका. समोरच्या दरीतून कायोटींची कोल्हेकुई सुरू होते आणि पलीकडच्या डोंगरावरून तिला उत्तर येतं.